उघड्या टपाची गाडी आणि कोकण: इच्छेपासून दारापर्यंत

टप उघडणारी स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे, असं रत्नागिरीत किंवा देवगडात घरी बोलून दाखवलं की पहिला प्रश्न येतो, "आणि पावसाळ्यात काय करशील?" लगेच दुसरा येतो, "लोक काय म्हणतील?" पहिल्याचं उत्तर पुढे सविस्तर आहे. दुसऱ्याचं इथंच देऊन टाकतो. आजोबांनी जांभ्याचं, सागवानी खांबांचं चौपाखी घर बांधलं, तेव्हा ते चार लोकांनी पाहावं असं त्यांनाही वाटतच होतं. मेहनतीनं मिळवलेली देखणी वस्तू आपल्या दारात असावी, ही इच्छा निकोप आहे. मुंबईच्या मनीऑर्डरवर घरं चाललेल्या या पट्ट्यात ती बोलून दाखवायची सवय मोडली, एवढंच.

हा लेख या वाटेवर नव्यानं येणाऱ्यांसाठी आहे. बागायतदाराचा मुलगा असो, ठाण्यात नोकरी आणि गुहागरात घर असलेली मुलगी असो, होमस्टे नुकता रुळावर आलेलं जोडपं असो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: कोकणात अशा गाडीचा टप आधी बघावा, इंजिन नंतर. मुंबई-पुण्याकडचे गाडीशौकीन बरोबर उलटं सांगतील. त्यांना एक्स्प्रेसवे आहे, आपल्याला वळणं आणि खाड्या.

पायरी १: नेमकं काय हवं आहे ते ठरवा

"मला ती गाडी हवी" या वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: वारा, यंत्र आणि मान. तिघांची किंमत निराळी आहे.

वारा सगळ्यात स्वस्त. डोक्यावर आभाळ, कानाशी समुद्र आणि हातात स्टिअरिंग एवढंच हवं असेल, तर काही लाखांत काम होतं. यंत्र महाग. बीएमडब्ल्यू झेड४ ची एम४०आय आवृत्ती घ्या: तीन लिटरचं, सरळ रांगेत सहा सिलिंडरचं इंजिन, ३४० अश्वशक्ती, शून्य ते शंभरचा वेग साडेचार सेकंदांत. ही ताकद सुंदर आहे, पण केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल वेगमर्यादेत, चौपदरी नसलेल्या साध्या रस्त्यावर कारला ७० किलोमीटरच मिळतात. सागरी महामार्गावर खरा वेग चाळीसच्या आसपास राहतो. म्हणजे त्या इंजिनाचा बहुतेक भाग इथं आवाजापुरता आणि चढावरच्या मोकळेपणापुरता उरतो. त्यातही आनंद आहे. मात्र एवढ्यासाठी किती मोजायचे, हे आधी ठरलेलं बरं.

राहिला मान. तो हवा असण्यात लाजण्यासारखं काही नाही. शाळेत पायी गेलेल्या माणसाला स्वतःच्या गावात अशी गाडी घेऊन यावंसं वाटलं, तर मला त्याचं कौतुकच वाटतं. फक्त मानासाठी घेतलेली गाडी पावसाळ्याचे चार महिने कव्हराखाली असते, हे माहीत असू द्या. वहीत तीन रकाने पाडा आणि शंभरातले किती गुण कोणत्या रकान्याला, ते प्रामाणिकपणे लिहा. वाऱ्याला साठाच्या वर पडले तर पायरी ३ मधल्या पहिल्या दोन गाड्यांवरच थांबा.

पायरी २: थंडीतली एक सकाळ भाड्यानं घ्या

विकत घेण्याआधी उघड्या गाडीत किमान अर्धा दिवस काढाच. गोव्यात कापडी टपाच्या थार आणि जिप्सी स्वतः चालवायला भाड्यानं मिळतात. घेताना नंबरप्लेट बघा: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच ती भाड्यानं द्यायला परवाना असलेली गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी "आपल्याच माणसाची आहे" म्हणून देऊ लागला तर घेऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. गोव्याची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात आणणार असाल तर मालकाची तशी परवानगी आधीच लेखी घ्या.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला निवडा. पहाटे निघा आणि नऊच्या आत परत या. माझ्या मते सरावासाठी सगळ्यात चांगला तुकडा रत्नागिरी ते गणपतीपुळे, आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं. महामार्गावरून निवळीमार्गे जाण्यापेक्षा तो बराच जवळचा, पंचवीसेक किलोमीटरचा आहे. चढ चढून माथ्यावर आलात की खाली आरे आणि वारे या दोन्ही पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, आणि सुरूचं बन एकदम समोर येतं. बंद गाडीतून हेच दृश्य दिसतं, पण फक्त दिसतं. टप उघडा असला की सावलीतून उन्हात आल्याचा फरक मानेवर कळतो. डिसेंबर-जानेवारीत मोहोराचा वास येतो. वाडी लागली की चुलीचा धूर, मग सुकत घातलेल्या मासळीचा वास. उतारावर इंजिन शांत झालं की खालची लाट ऐकू येते.

आणि हो, पुढे एसटी असली की तिचा धूर थेट तोंडावर येतो. चिऱ्याचा ट्रक गेला की तांबडी धूळ दातांत कचकचते. गावातली पोरं मागून ओरडत पळतात. सिग्नलला उभे राहिलात की शेजारचा रिक्षावाला गप्पा सुरू करतो. हेही सगळं आवडायला हवं. घरी परतल्यावर कान, मान आणि शेजारी बसलेलं माणूस यांची विचारपूस करा. जोडीदाराला वाऱ्यानं डोकं दुखत असेल, तर दोन सीटच्या गाडीत तुम्ही कायम एकटेच फिराल.

पायरी ३: कोणती गाडी

पहिली जिप्सी. मारुतीनं ती १९८५ मध्ये आणली आणि २०१९ च्या सुमारास बंद केली. कापडी टप हातानं काढायचा, खिडक्या झिपच्या, पण पेट्रोल इंजिन साधं आणि कोकणातला कुठलाही जाणता मेकॅनिक ते उघडतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी, नूतनीकरण आणि हरित कर. जुनी जिप्सी घेताना ही तारीख सगळ्यात आधी विचारा. दुसरी थार. महिंद्रानं ऑक्टोबर २०२० मध्ये आणलेल्या पिढीत कापडी टपाचा पर्याय होता, आणि जुन्या बाजारात तशा गाड्या मिळतात. या दोन्ही स्पोर्ट्‌स कार नव्हेत. पण वारा पूर्ण मिळतो, आणि फेरीबोट, पाणंद, खड्डे यांची फिकीर करावी लागत नाही.

इथं एक आठवण द्यायलाच हवी. भारतीय बनावटीची छोटी दोन सीटची उघडी गाडी आपल्या शेजारी, गोव्यातच तयार झाली होती: सान स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली, फायबरची बॉडी, रेनॉचं बाराशे सीसीच्या आतलं इंजिन. फार थोड्या विकल्या गेल्या. कुठं धड अवस्थेत दिसली तर थांबून बघा. सुटे भाग मिळत नसल्यानं नवख्यानं मात्र ती घेऊ नये.

त्यानंतर किमतीची मोठी उडी आहे. मिनी कूपर कन्व्हर्टिबल २०२५ च्या अखेरीस साडेअठ्ठावन्न लाखांना आली. चार सीट, टप अठरा सेकंदांत आणि ताशी ३० किलोमीटरच्या वेगापर्यंत उघडतो. टप अर्धवट सरकवून नुसत्या सनरूफसारखाही वापरता येतो. मार्चच्या उन्हात हे फार कामाचं. झेड४ २०२५ मध्ये नव्वद लाखांच्या आसपास होती: टप दहा सेकंदांत, ५० च्या वेगापर्यंत उघडतो, आणि तो उघडा असो वा बंद, डिकी २८१ लिटरचीच राहते. मर्सिडीजची सीएलई ३०० कॅब्रिओले ऑगस्ट २०२४ मध्ये १ कोटी १० लाखांना आली. तिला मागे दोन सीट आहेत आणि मानेवर गरम हवा सोडणारी सोयही आहे, जिची गरज आपल्याकडे थंड हवेच्या आंबोलीतच पडेल. एएमजी एसएल ५५ रोडस्टर जून २०२३ मध्ये २ कोटी ३५ लाखांना आली. या सगळ्या शोरूमच्या, म्हणजे मोटार वाहन कर आणि विमा धरण्याआधीच्या आणि त्या-त्या वेळच्या किमती.

पोर्शे बॉक्सस्टर नावाची गाडी १९९६ पासूनची. इंजिन मधोमध बसवलेलं, त्यामुळे वळणावर ती जशी वळते तशा फार थोड्या गाड्या वळतात. मनापासून सांगतो, सागरी महामार्गाच्या वळणांना ताकदीपेक्षा हा तोल जास्त शोभतो. जुनी, जपलेली बॉक्सस्टर हे माझ्या लेखी सगळ्यात सुज्ञ स्वप्न आहे.

पायरी ४: हिशेब, आणि जमिनीला हात न लावणं

शोरूमची किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यात कोकणातल्या एका चांगल्या घराचं अंतर असतं. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल कारला तेरा टक्के मोटार वाहन कर आहे, पण आयात गाडीला वीस टक्के. नव्वद लाखांच्या गाडीवर हेच अठरा लाख झाले. या कराला वरची मर्यादा आहे. ती वीस लाखांवरून तीस लाख झाली, १ जुलै २०२५ पासून. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, कापतो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, तेव्हा पावती जपून ठेवा. पहिल्या वर्षाचा विमा वेगळा, काही लाखांत. म्हणजे नव्वदची गाडी एक कोटी दहा लाखांच्या पुढे जाते.

मुळात नव्वद का, तर पूर्ण बांधून आयात होणाऱ्या महागड्या गाडीवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्क्यांपर्यंत आकारणी होत आली आहे आणि त्यावर वस्तू व सेवा कर आहे. मोठ्या गाड्यांना तो सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के झाला. परदेशातली किंमत रुपयांत करून अंदाज बांधणारे इथंच फसतात.

आता कर्ज. ऐंशी लाख, साडेनऊ टक्के व्याज, सात वर्षं: महिना सुमारे १ लाख ३१ हजार हप्ता. एकूण फेड १ कोटी १० लाखांच्या आसपास, म्हणजे तीस लाख नुसतं व्याज. दुसरीकडे विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक सांगतं की सहा महिन्यांनी गाडीची विमा-किंमत पंधरा टक्के खाली, दोन वर्षं उलटली की तीस टक्के, चार वर्षं उलटली की पन्नास. घसरणाऱ्या वस्तूवर व्याज भरणं याला मी श्रीमंती म्हणत नाही. माझा नियम कडक आहे: हप्ता, विमा आणि देखभाल मिळून महिन्याला हाती येणाऱ्या पैशाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, आणि कर्ज चार वर्षांच्या आत संपावं. या नियमात न बसणारी गाडी अजून आपली नाही.

पण "अजून नाही" याचा अर्थ "कधीच नाही" असा होत नाही. महिना पंचवीस हजार रुपये म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाकले आणि वर्षाला सरासरी दहा टक्के परतावा धरला, तर पंधरा वर्षांत १ कोटी ४ लाखांच्या घरात जातात. तोवर गाडीची किंमत वर्षाला सहा टक्क्यांनी वाढली, तर आजची नव्वद लाखांची गाडी २ कोटी १६ लाखांची होईल. म्हणून दर वर्षी रक्कम दहा टक्क्यांनी वाढवायची. तेवढ्या एका सवयीनं तीच पुंजी १ कोटी ८५ लाखांच्या आसपास पोचते. बाजाराची हमी नसते, दहाचे आठही होतील. पण हिशेब करून वाट पाहणाऱ्याला जुनी बॉक्सस्टर किंवा झेड४ वाटेतच, आठव्या-दहाव्या वर्षी परवडू लागते.

बागायतदारांसाठी थोडं वेगळं. आंब्याचा पैसा मार्च ते मे या काळात येतो आणि एखाद्या वर्षी अवकाळी पावसानं किंवा थ्रिप्स किडीनं तो येतच नाही. मासिक हप्त्याचं ओझं अशा उत्पन्नावर कधीही टाकू नका. चांगल्या हंगामाची शिल्लक वेगळ्या खात्यात साठवा आणि गाडी रोखीनं किंवा अगदी थोड्या कर्जावर घ्या. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी विवरणपत्र भरा आणि त्यात ते दाखवा. बँक किमान दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते आणि ती नसली की बागेत पाचशे कलमं असूनही कर्जाची फाइल पुढे सरकत नाही. होमस्टे किंवा धंद्याच्या नावावर घेणार असाल तर आधी सीएंना भेटा: घसारा पंधरा टक्के मिळू शकतो, पण अशा कारवर भरलेल्या जीएसटीची वजावट सहसा मिळत नाही, आणि कंपनीच्या नावावर आरटीओचा करही जास्त बसतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. रस्त्याकडेचे गुंठे विकून गाडी घेऊ नका. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या जमिनीला गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं आणि एका सहीत गाडीचे पैसे सुटतात, हे मला माहीत आहे. पण सातबाऱ्यावरून नाव गेलं की परत त्याच गावात त्याच भावानं जागा मिळत नाही, आणि गाडी पाच वर्षांत निम्म्यावर येते. त्याच जागेत दोन खोल्या बांधून होमस्टे चालवा, काजू लावा, भाड्यानं द्या. जमिनीच्या उत्पन्नातून गाडी यावी, जमिनीच्या बदल्यात नव्हे. यावर मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

पायरी ५: जुनी घेताना

पहिल्या मालकानं घसारा सोसलेला असतो, म्हणून नवख्यासाठी तीन-चार वर्षांची गाडीच योग्य. पण आपल्या भागात एक खास धोका आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. पुरात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात विकल्या जातात, आणि हे फक्त चिपळूणपुरतं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. टोकाकडे चिखलाची रेघ दिसली तर तिथूनच माघारी फिरा. पायाखालची कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, डिकीचा तळ हातानं चाचपा. विमा कंपनीकडून आधीच्या दाव्यांचा इतिहास काढून घ्या.

उघड्या टपाच्या गाडीत याशिवाय टपाचीच तपासणी मोठी. इंजिन चालू ठेवून तो दोन-तीनदा पूर्ण उघडा-मिटा. मध्येच अडखळतो का, एका बाजूनं आधी आणि दुसऱ्या बाजूनं मागाहून बसतो का, करकर आवाज येतो का, सगळं बघा. हायड्रॉलिक पंप असलेल्या गाडीत डिकीच्या अस्तरावर तेलाचा डाग शोधा. मग टप बंद करून वरून पाच मिनिटं साध्या पाइपानं पाणी सोडा आणि आत बसून काचेच्या कडेला, खांबांपाशी, पायांशी बोट फिरवा. मालक याला तयार नसेल तर सौदा सोडा. टपाचं अख्खं कापड आणि यंत्रणा बदलायचा खर्च लाखांत जातो.

गोव्यात नोंदलेली गाडी स्वस्त वाटते. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथं नव्यानं नोंदणी आणि कर भरावा लागतो. ती रक्कम धरूनच भाव करा. कर्जाचा बोजा आरसीवरून (नोंदणी प्रमाणपत्रावरून) उतरला आहे ना, तेही बघा.

पायरी ६: गाडी दारापर्यंत पोचते का

मोजपट्टी घ्या आणि घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत जा. झेड४ सारख्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण ११५ मिलिमीटरवर असतं. थारचं त्याच्या जवळपास दुप्पट. गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, आत वळताना लागणारा दगड, पाणंदीच्या मधोमध उगवलेला गवताचा उंचवटा, दारातला चढ, सगळं यात येतं. चढाचं टोक घासत असेल तर गवंड्याकडून उतार लांब करून घ्या. गतिरोधकावर गाडी तिरकी घालायची, एकेक चाक चढवत. पुढचा बंपर वाचतो.

फेरीबोटीचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण किनाऱ्यानं फिरायचं म्हणजे ती टाळता येत नाही. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या खाड्यांवर गाड्या बोटीवर चढतात. काही ठिकाणी पुलांचं काम हाती घेतलं आहे, पण तूर्त भिस्त बोटीवर. बोटीचा लोखंडी रॅम्प धक्क्याच्या उतारावर टेकतो आणि जिथं दोन्ही मिळतात तिथं कोन तयार होतो. ओहोटीला तो कोन जास्त, भरतीला कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी खोल जाते, तेव्हा तर बुटक्या गाडीची मधली बाजू टेकायचीच. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढ-उतार कमी असते. म्हणून लांबचा बेत तिथी बघून आखा. रांगेत पहिल्यांदा उतरून खलाशाला विचारा, "दादा, ही बसेल का?" त्यांच्या नजरेला अंदाज अचूक असतो, आणि ते नाही म्हणाले की वाद घालू नये. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी रो-रो बोट मार्च २०२० पासून आहे. मुंबईहून अलिबागकडे येणाऱ्यांना ती सोयीची.

पुळणीवर गाडी घालायची नाही. कापडी टपाच्या गाडीचा फोटो लाटांत छान दिसतो, पण ठिकठिकाणी बंदी आहे, गुन्हे दाखल होतात, आणि ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीआधी निघाली नाही तर ती संपली. वाळूत कासवांची अंडी असतात, हे कारण मला त्याहून मोठं वाटतं.

सर्व्हिससाठी मुंबई, पुणे नाहीतर गोवा गाठावा लागतो, हे धरून चाला. बहुतेक अशा गाड्यांत स्टेपनी नसते. पंक्चर किट, हवा भरायचा छोटा पंप आणि टो करणाऱ्याचा नंबर गाडीत हवाच.

पायरी ७: मीठ, पाऊस, माकडं

खारा वारा रोज काम करतो. दर आठवड्याला, आणि किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी, गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका. तुम्ही धुता आहात असं वाटतं आणि मीठच लावत असता. कापडी टपाला साबणाची पावडर, ब्लीच आणि जोराचा फवारा वर्ज्य. मऊ ब्रश, सौम्य शॅम्पू, सावलीत वाळवणं. मे महिन्यात, पहिल्या सरीआधी, टपावर जलरोधक फवारा मारा आणि रबरी पट्ट्यांना सिलिकॉन लावा.

टपाच्या कडेनं पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्यात सुरूच्या काड्या आणि आंब्याचा मोहोर अडकतो, पाणी तुंबतं आणि सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरतं. दर महिन्याला मऊ नायलॉनच्या दोरीनं त्या मोकळ्या करा. टप ओला असताना त्याची घडी करून कधीही ठेवू नका. आपल्या दमटपणात दोन दिवसांत बुरशी धरते आणि तिचा वास वर्षभर जात नाही.

जून ते सप्टेंबर गाडी विश्रांतीला. पत्र्याची शेड पुरत नाही. बाजूंनी झाकलेली पण हवा खेळणारी जागा हवी. प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, आत घाम धरतो. श्वास घेणारं कापडी कव्हर घ्या. बॅटरीला ट्रिकल चार्जर (ती हळूहळू भरत ठेवणारा) लावा. वीज चार-चार दिवस जाते तिथं बॅटरीची ऋण वायर काढून ठेवणं बरं. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, हॅन्डब्रेक सोडून चाकांना दगडाची किंवा लाकडी ठोकळ्याची उटी लावा. नुसतं पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्यानं फायदा नाही, उलट एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं. उघडीप मिळाली तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. साचलेल्या पाण्यात मात्र जाऊ नका: हवेची वाट खाली असते, पाणी इंजिनात गेलं की पिस्टन अडकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा मिळत नाही. इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्या आणि सोबत शून्य घसाऱ्याचंही, म्हणजे दाव्यातून सुट्या भागांचा घसारा न कापणारं.

झाडं आणि जनावरं. माडाखाली, फणसाखाली उभी करू नका, हे सांगायला नको. माकडं जास्त त्रासाची. आत खाऊची पिशवी दिसली की ती कापड फाडायला बघतात, आणि नुसती गंमत म्हणून टपावर उड्या मारतात. गाडीत खाण्याची वस्तू ठेवायची नाही आणि माकडांचा वावर असलेल्या बागेजवळ बंद दाराआडच ठेवायची. उंदीर वायरी कुरतडतात. बॉनेटखाली आठवड्यातून एकदा टॉर्च मारून बघा.

पायरी ८: चालवण्याची रीत

सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर टप उघडा. खिडक्या वर ठेवल्या तर वारा बराच कमी लागतो. टोपी घट्ट, गॉगल, मानेला आणि कानांच्या पाळ्यांना सनस्क्रीन. पाण्याची बाटली हाताशी ठेवा, कारण वाऱ्यात तहान उशिरा कळते. गाडी बुटकी असल्यानं वळणावर समोरच्या एसटीच्या चालकाला तुम्ही दिसत नाही. हॉर्न वाजवा आणि आपली बाजू सोडू नका. टप चालत्या गाडीत उघडता येत असला तरी पहिलं वर्षभर थांबूनच उघडा. गावातून जाताना आवाज कमी, वेग कमी, आणि कुणी हात केला तर उलट हात करा. पोरांना बसून बघायचं असेल तर बसवा. आपणही अशाच कुणाच्या तरी गाडीत कधीतरी डोकावलेलो असतो.

पाऊस ओसरला की नवरात्राच्या सुमारास नळ्या, ब्रेक, टायर आणि बॅटरी तपासून सर्व्हिसची तारीख घ्या; दिवाळीच्या गर्दीत ती मिळत नाही. दसऱ्याला पूजा करताना झेंडूची माळ तारेनं बांधू नका, रंगावर ओरखडे उठतात. सुती दोऱ्यानं आरशाला बांधा. हळद-कुंकू काचेवर लावा. टपाच्या कापडावर लावलेलं कुंकू कशानंच निघत नाही.